होल्याच्या पाठीचा रंग

पौष वद्य २, शके १८४५

भगवानराव पाटलाला नातू झाला, तेव्हा त्यानं डोंगरावरच्या पीराला कंदुरी बोललेली. ती माघ शुद्ध त्रयोदशीला ठरली. सात बोकडं. ही खबर मला उत्तरेश्वरानं पारावर दिली. म्हणजे पाटलानं दिली नाही.

तीस वर्षं झाली. गावात कुणाचीही कंदुरी असो, पीरापुढं गोवऱ्यांचा जगरा मी पेटवतो, मटणाची हंडी मी चढवतो आणि मीच उतरवतो. मीठ बघायलासुद्धा दुसऱ्याच्या हाती पळी देत नाही.

उत्तरेश्वर म्हणाला, "शादेवदादा, औंदा तुमाला सुट्टी. पाटलानं कोळशावरचा उस्ताद गाठलाय. मटन सळयांत ववून भाजनार म्हनं, नवाबावानी. तुमी आपले माळकऱ्यांचे रोडगे बगा."

मी हसलो. म्हणालो, "बरं झालं बाबा. धुरानं माजे डोळे जायची पाळी आलीय."

घरी येऊन ही वही काढली. चाळिशीत पोथी वाचायच्या हट्टानं एकट्यानंच अक्षरं गिरवली होती, ती आज त्रेसष्टाव्या वर्षी अशी उपयोगी पडतायत. पारावर हसलो ते खोटं होतं. पोटात जगरा पेटलाय.

पौष वद्य ४

उस्ताद पाहिला. मदारभाई त्याचं नाव. आपल्या मुलाण्याचा मेव्हणा. बीडला तालुकदारसाहेबांच्या दौऱ्यांवर वीस वर्षं सळया भाजत होता, आता नोकरी सोडून बहिणीकडं आलाय. माझ्याच वयाचा, दाढी पांढरी, कपडे स्वच्छ.

वेशीतून भगवानराव आणि तो येत होते. त्याचा हात पाटलाच्या खांद्यावर! चाळीस वर्षं मी आणि भगवानराव एका ताटात जेवलो, एका ओढ्यात पोहलो. गावासमोर त्याच्या खांद्यावर हात टाकून मी कधी चाललो नाही. पाटील आहे, मान ठेवावा लागतो. हा आला आणि आठ दिवसांत खांद्यावर.

मी लांबून हात जोडले. त्यानं मान हलवली नाही. सरळ माझ्याकडं तोंड, आणि बघितलं न बघितल्यासारखं. मग मी मोठ्यानं 'रामराम' म्हटलं, तेव्हा कुठं स्वारी बोलली. "रामराम, रामराम! शादेवदादा ना? पाटीलसाबने बहुत तारीफ की."

भगवानराव मला बाजूला घेऊन म्हणाला, "शादेवा, कंदुरीपस्तोर याच्यापाशी बसत जा. शिकून घे."

"या वयात? कावून?"

"मी सांगतो म्हनून."

"हंडीला काय झालं बे भगवाना? तीस वरसं खाल्लीस, तवा गोड लागली."

 तो खांद्यावरचं उपरणं सावरत उस्तादाकडं परत गेला. शरमेनं गेला असं मला वाटतं.

पौष वद्य ६

गेलो. शिकायला नाही. चोरानं घरात शिरून कुलपाची किल्ली बघून यावी, तसा गेलो. विद्या काढून घ्यायची आणि पुढच्या वर्षी त्याला मुलाण्याच्या ओट्यावर हुक्का ओढत बसवायचं.

मुलाण्याच्या परसात हातभर रुंद चर खणलेला. दोन्ही कडांना दगड, त्यावर सळया आडव्या ठेवायच्या. कोळसा धावड्याचा, डोंगरातून आणलेला; वाजवला तर काशाच्या वाटीसारखा वाजतो. मदारभाई एकेक तुकडा कानाशी नेऊन टिचकी मारून बघतो. काय ही नाटकं! कोळसा का मडकं आहे?

त्यानं पेटवला आणि आत मसाला आणायला गेला. कोळसा फुलला तसा मी आमच्या सवयीनं त्यावर राख ओढून झाकून टाकला. गोवरीचा विस्तव उघडा ठेवला की मरतो. घरोघर बाया रात्री राखेतच जपतात. मदारभाई आला, चरावर तळहात धरला, थांबला, पुन्हा धरला.

"दादा, आग कहाँ गई?"

"झाकून ठिवली. जिती राहाया पायजे ना?"

तो पोट धरून हसला. मुलाण्याची बायको हसली. परसातली कोंबडीसुद्धा हसली असेल. "दादा, गोवरी की आग पर्देवाली है. कोयले को खुला रखना पडता. हवा खाता वो."

परत पेटवला. मग तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "रंग बोलो, दादा."

"कशाचा?"

"कोयले का."

समोर चर, समोर कोळसा, धडधडीत दुपार, आणि मला विचारतो रंग कसला! पंतोजी पोराला पाटीवरचं अक्षर विचारतो तसा. रागानंच म्हणालो, "लाल मिरचीवानी."

"थांबू या," तो म्हणाला. थोड्या वेळानं परत, "रंग बोलो."

असं सात वेळा.

पौष वद्य ७

गेलो नाही. दिवसभर कडबा रचला. कडब्यापेक्षा त्याचाच विचार जास्त झाला.

पौष वद्य ९

आज तो आमच्याकडं आला. कारभारणीनं, चंद्रभागेनं, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. हा बसून राहिला. तांब्या समोर, आणि हा हात पुढं करून वाट बघतोय! शेवटी तिनं उचलून त्याच्या हातात दिला. तो गेल्यावर मी म्हणालो, "बगितलीस नवाबी? तांब्यासुद्धा हातात द्यावा लागतो."

ती भाकरी थापत म्हणाली, "अवो, म्हातारा मानूस हाय."

"मी काय तरणाताठा हाय?"

"तुमाला तांब्या दिसतो," ती म्हणाली.

बायकांना पाहुण्याचं काय कौतुक असतं देव जाणे. मला चाळीस वर्षांत कुणी तांब्या हातात दिला नाही.

पौष वद्य १२

खरं लिहायचं तर आज जरा गंमत आली. कोळसा कसा कसा बदलतो ते मी आता ओळखतो. आधी कडेला निळी ज्वाळ, ती विषारी. मटणाला घासलेटासारखा वास देते. मग मिरची. मग करडईच्या फुलाचा पिवळा-तांबडा. मग त्यावर राखेची साय धरते, आतून गुलाबी आणि वरून करडी. तेव्हा सळई ठेवायची, आधी नाही. मी म्हणालो, "आता होल्याच्या पाठीवानी झालाय."

"होला?"

"अवो, पाखरू. कबुतराची धाकटी भन. पाठीवर बगा, करड्यातून गुलाबी मारतं."

मदारभाईनं तोंड माझ्याकडं वळवलं. मग म्हणाला, "बचपन में देखा था. हौ, वोईच रंग. दादा, बीस साल में किसीने ऐसा नहीं बोला. लोगां बोलते, हो गया, नहीं हुआ." त्यानं सळया ठेवल्या, फिरवल्या. तूप ठिबकलं, चर्र झालं, आणि तो कान देऊन ऐकत बसला.

पहिली सळई त्यानं मला दिली. कच्च्या पपईनं मऊ झालेलं, वरून कुरकुरीत, आतून रसरशीत. तोंडात पाणी आलं आणि डोळ्यांतही, कारण माझ्या हंडीत हे नाही.

तेवढ्यात भगवानराव आला. पाच सळया खाल्ल्या आणि बोटं चाटत म्हणाला, "जन्मात असं खाल्लं न्हाई."

जन्मात! मग माझ्या हातचं तीस वर्षं काय गवत खाल्लंस? रात्रीची भाकर मी उष्टावून उठलो.

माघ शुद्ध २

धारूरच्या बाजारात बीडचा एक शिपाई भेटला. मी आडून विचारलं, मदारभाईनं नोकरी कावून सोडली? तो म्हणाला, "सोडली का सोडायला लावली, अल्ला जाने. शेवटी शेवटी लई करपवायचा."

येताना डोंगराची चढण मला चढण वाटली नाही.

आता सगळं जुळतं. चोरी नाही तर हलगर्जी. असा माणूस पाटलाच्या कंदुरीत, तीन गावांच्या पंगतीत! भगवानरावाला सांगावं असं मनात आलं. पण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याला हाकललं असतं, आणि मला नुसतं हाकलणं नको होतं. लोकांनी त्याला करपवताना बघायला पाहिजे.

हे लिहिताना हात थांबला. असा मी नव्हतो.

माघ शुद्ध १०

त्यानं आज तळहात दाखवले. चामडं बैलाच्या खांद्यासारखं झालंय. म्हणाला, "दादा, ये हाथ मर गए. आग का पता देर से लगता." मग जरा थांबून, "कंदुरी में तुम मेरे बाजू में रहोगे ना? रंग बोलोगे?"

मी म्हणालो, "पाटलाचा हुकूम हाय, राहावंच लागंल."

"हुकूम नक्को. तुम बोलो."

मी "हौ" म्हणालो. त्याच्या तोंडावर जे हसू आलं त्याचा मला राग आला. तीन गावांपुढंसुद्धा हा मला पाटीवर बसवणार तर!

माघ शुद्ध १३. कंदुरी

दिवस मावळायच्या आत लिहून टाकतो. उद्या धीर होईल असं वाटत नाही.

सकाळी फातेहा झाला, पीरापुढं मलिदा ठेवला. डोंगरावर माणूसच माणूस. हलगी अशी कडाडत होती की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. बारा हात चर. पल्याड लिंबाखाली मी माळकऱ्यांच्या रोडग्यांसाठी माझा जगरा लावून ठेवलेला, राख ओढून. त्याच्याकडं कुणी फिरकलं नाही. सगळा गाव चराभोवती.

साठ सळया भरून तयार. ऊन डोक्यावर. मदारभाई चराशी उकिडवा बसला, मी त्याच्या उजव्या हाताला. मागं पाटलाचे व्याही, सोयरे, तीन गावांचे कारभारी.

"रंग बोलो, दादा," तो म्हणाला. मोठ्यानं, हलगी होती ना.

"मिरची."

उत्तरेश्वर मागून ओरडला, "आरं वा! शादेवदादाची परीक्षा चाललीय!" लोक हसले.

थोड्या वेळानं परत, "रंग बोलो."

"मिरचीच हाय आजून."

"दादा, नापास झालाव तर उठाबशा काडाव्या लागतील बरं का!" परत उत्तरेश्वर. आता कारभारीसुद्धा हसले. पाटलाचा व्याही कुणाला तरी विचारत होता, "हे कोन? उस्तादाचा चेला का?" तीस वर्षं या टेकडीवर ज्याचा जगरा पेटला, त्याला चेला का!

तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, "रंग बोलो, दादा."

मी चराकडं बघितलं. नुकता नवा कोळसा पडला होता. डाव्या बाजूला निळ्या ज्वाळा जिभा काढत होत्या. उन्हात पुसट, पण मला दिसत होत्या. मधे काळे तुकडे अजून धुरावत होते. होल्याचा मागमूस नव्हता.

मी म्हणालो, "होला."

का म्हणालो? मला वाटलं, हा बघेल, हसेल, म्हणेल 'दादा, गलत', आणि मी सगळ्यांसमोर म्हणेन, 'तुला दिसतंय तर मला कावून इचारतोस?' एवढंच बोलायचं होतं मला. तीन आठवडे तेवढंच वाक्य ओठावर घोळवत होतो.

त्यानं बघितलं नाही. 'होला' ऐकलं, मान हलवली, 'बिस्मिल्ला' म्हणाला आणि पहिली सळई ठेवली. मग दुसरी. भराभरा दोन्ही हातांनी. मुलाण्यानं पलीकडून उरलेल्या लावल्या. साठ.

मी तोंड उघडलं. तूप ठिबकलं आणि बारा हात चर एकदम भडकला. लोक मागं पळाले. मदारभाई सळया उचलायला धावला, आणि त्याचा हात सळईच्या वीतभर बाजूला, नुसत्या ज्वाळेत गेला. परत चाचपला, परत ज्वाळेत. तेव्हा मी बघितले त्याचे डोळे. जवळून. आगीचा एवढा उजेड, आणि बुबुळांवर दुधाची साय.

तांब्या. माझे जोडलेले हात. पाटलाचा खांदा. कानाशी धरलेला कोळसा. सात वेळा विचारलेला रंग.

परीक्षा नव्हती ती. त्याला माझे डोळे पाहिजे होते, आणि मी ते नेमके आज झाकले.

मी त्याला कवळ घालून मागं ओढला. सळया मीच काढल्या. वरून कोळसा, आतून रक्त. कंदुरीचा घास टाकायचा नसतो आणि उरलेलं घरीही न्यायचं नसतं. खायचं ते पीरापुढंच. व्याह्यांची तोंडं वाकडी झाली. भगवानराव माझ्याकडं आला, नातवाला कडेवर घेऊन. "शादेवा, तुजा जगरा हाय ना रं?"

करपलेलं तासून काढलं, सगळं मटण मोठ्या हंडीत घातलं आणि जगऱ्यावरची राख उघडली. आत विस्तव जिता होता. दीड तासात हंडी उतरली. पंगत अशी जेवली की हाडं चोखून पत्रावळी कोरड्या केल्या. कोळशाचा वास आत मुरला होता, त्यानं चव आणखीच वाढली.

उत्तरेश्वर दगडावर उभा राहून ओरडला, "शादेवदादाच्या हंडीनं गावाची लाज राखली!" हलगीवाला माझ्यापुढं येऊन वाजवून गेला. पाटलाच्या व्याह्यानं मला फेटा बांधला. मला जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं, एकामागोमाग एक.

मदारभाई लिंबाखाली हात ओल्या फडक्यात गुंडाळून बसला होता. लोक विचारत होते तेव्हा एवढंच म्हणत होता, "मेरी चूक. मेरी घाई."

माघ शुद्ध १४

फेटा खुंटीला आहे. त्याच्याकडं बघवत नाही आणि काढवत नाही. चंद्रभागा म्हणाली, "लोकं एवडं वाखानतेत, आन् तुमी सुतक आल्यागत कावून?"

मी म्हणालो, "तुला ठाऊक व्हतं? त्याचे डोळे?"

"ज्याला तांब्या दिसत न्हाई त्याला काय दिसतं वो?" ती म्हणाली. "मी सांगितलंच व्हतं तुमाला."

सांगितलं होतं. वहीत लिहूनसुद्धा ठेवलंय मी.

माघ वद्य १

गेलो. ओट्यावर बसला होता, हातांना कोरफड लावून. मी खोकलो, तसा म्हणाला, "आओ दादा."

सरळ सांगून टाकलं. होला नव्हता, ज्वाळ होती, मला दिसत होती, मी खोटं बोललो. तुमचा मत्सर केला. एवढं म्हणून पायाला हात लावला.

त्यानं पाय मागं ओढून घेतला. मग म्हणाला, "मेरेकू मालूम था."

"काय?"

"तुम्हारी आवाज में ताव था. कोयले का ताव मेरेकू नहीं दिखता, पन आदमी का सुनने आता. मैंने सुना. फिर भी सोचा, शादेवदादा आग के बारे में झूट नहीं बोलेगा. बाकी सब में बोलेगा, आग में नहीं."

मी रडलो. म्हाताऱ्या माणसाचं रडणं वाईट. नाक आधी गळतं. म्हणालो, "आत्ता पारावर जातो. सगळ्यांना सांगतो, चूक माजी व्हती."

त्यानं भाजलेल्या हातानं माझं मनगट धरलं. "नक्को. तुम चूक बोलोगे तो लोगां पूछेंगे, उस्ताद ने खुद कायकू नहीं देखा? फिर मेरी आँख भी बोलनी पडेगी. अंधे के हाथ में सळई कौन देगा, दादा? बहन के घर कितने दिन खाऊँ?"

म्हणजे ती वाहवा आता माझ्या गळ्यात बांधलेलीच राहणार. हाड अडकल्यासारखी. ना गिळता येते, ना थुंकता.

माघ वद्य ५

भगवानरावाला ओढ्याकाठी गाठलं. "तुला म्हायती व्हतं. मला कावून सांगितलं न्हाई बे?"

"त्यानं नातवाची आन घातली व्हती."

"आन् मलाच कावून बशिवलं त्याच्यापाशी? दुसरं कुनी न्हाई गावात?"

भगवानराव पाण्यात खडा मारून म्हणाला, "हाय का दुसरा? विस्तवाकडं बगून विस्तव सांगनारा? मला वाटलं, दोन म्हाताऱ्यांत मिळून एक उस्ताद व्हईल. तुला येवडं झोंबंल, हे न्हाई वाटलं." मग जरा हसून, "आन् हंडीचं म्हनशील तर शादेवा, मला दात कुटं राहिलेत हाडं चोखाया? कोळशावरचं मऊ लागतं."

एवढंच होतं ते. दात!

फाल्गुन शुद्ध ३

धारूरला एका घरचं जावळ होतं. त्यांना पाटलानं मदारभाईचं नाव सुचवलं. घरधनी कुरकुरत होता, कंदुरीची गोष्ट तिथवर गेली होती. मी म्हणालो, मी येतो सोबत, बिघडलं तर माझी हंडी आहे. मग तयार झाला.

वाटेनं मदारभाईचा हात माझ्या खांद्यावर. उतारावर मी 'दगड' म्हणायचो, चढावर 'पायरी'. खांद्यावर हात ठेवणारा माणूस इतका जड असतो हे मला ठाऊक नव्हतं, आणि हलकाही.

चर पेटला. माणसं गोळा झाली. उत्तरेश्वर आलाच होता, फुकटचं जेवण तो सोडत नाही.

"रंग बोलो, दादा."

"निळी ज्वाळ हाय डावीकडं. थांबा."

"रंग बोलो."

"करडईचं फूल. थोडं थांबा."

उत्तरेश्वर सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "दादा, फेटा बांधून घेतला तरी उस्ताद तुमाला पाटीवरनं उठवीना का? कवर शिकनार?"

लोक हसले. कोळशाच्या पलीकडं मदारभाईची बोटं सळईवर थांबली. तो ऐकत होता.

मी म्हणालो, "आरं बाबा, टकुरं जाड हाय माजं. आजून बिगरीतच हाय मी. मास्तरनं रोज इचारलं तर कुटं एक अक्षर ध्यानात ऱ्हातं."

अजून मोठ्यानं हसले. हसू दे. मी चराकडं बघत राहिलो. घाई केली नाही. डावीकडची ज्वाळ बसली, काळे तुकडे तांबडे झाले, तांबड्यावर करडी साय धरली, आणि सायीखालून गुलाबी श्वास घेऊ लागलं. टोकापासून टोकापर्यंत नजर फिरवली. परत एकदा फिरवली.

"रंग बोलो, दादा."

"होला," मी म्हणालो. "देवाशपथ, होला."

त्यानं सळई ठेवली.